पुंगळीचे डूल

लोट्याच्या एमआयडीसीलगतच्या एका वाडीत काका-पुतणीचा एक वाद कित्येक महिने चालू आहे. काका सैन्याच्या ऑर्डनन्स कोअरमधून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. नोकरीची बरीच वर्षं दारूगोळ्याच्या कोठारांवर गेली. वर्धा जिल्ह्यातलं पुलगाव त्यातलंच एक. पुतणी दागिने घडवते. चांदीचं काम हुपरीला शिकून आली आणि आता घराच्या पडवीत ऐरण, कानशी आणि गॅसची फुंकणी मांडून पितळेत काम करते. वाद आहे तो तिने बाराबोरच्या उडवून झालेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांपासून केलेल्या डुलांवरून.

शहरात हा विषय हौसेचा वाटेल. आमच्याकडे तो घरातला आहे. रानडुकरं आणि माकडांपासून शेती राखायला रत्नागिरी-सिंधुदुर्गात गावोगाव परवान्याच्या बंदुका आहेत. निवडणूक लागली की त्या पोलीस ठाण्यात जमा करायची धावपळ ठरलेली. शिवाय खेड, दापोली, मंडणगड, चिपळूण या तालुक्यांतून फौजेत जायची रीत ब्रिटिशांच्या मुंबई फौजेपासूनची. दापोलीला अजूनही ‘कॅम्प’ म्हणणारी माणसं भेटतात. काडतूस म्हणजे काय हे इथल्या पुष्कळ घरांना सांगावं लागत नाही. आणि स्फोट म्हणजे काय हे तर लोट्यात कुणालाच सांगावं लागत नाही. रासायनिक कारखान्यांच्या या पट्ट्यात मोठा आवाज झाला की बायका आधी दारात येतात आणि कुठल्या बाजूने धूर दिसतो ते बघतात.

मी दोघांना समोरासमोर बसवलं. त्यांचं बोलणं देतो, आणि मला वाटलं ते जागच्या जागी सांगतो.

पुतणी : काका, आधी हातात घेऊन बघा, मग बोला. बाराबोरच्या काडतुसाचं वरचं टरफल प्लॅस्टिकचं असतं, ते मी कापून टाकते. उरतं ते पितळी बूड. त्याला आधी चुंबक लावते, कारण काही वेळा आत लोखंड आणि वर नुसता मुलामा निघतो. तसं असलं तर बाजूला. मग चिंचेच्या पाण्यात उकळायचं, काजळी निघून जाते. कड कानशीने मारायची, मधल्या केपवर, म्हणजे बंदुकीची पिन जिथे आदळते तिथे, चांदीचा बारीक रवा झाळायचा, मागे चांदीची दांडी आणि फिरकी. पितळ कानाच्या भोकाला लागू देत नाही, कान हिरवा पडतो.

काका : उकळतेस कुठल्या भांड्यात?

पुतणी : वेगळं ठेवलंय. स्वयंपाकघरात आणत नाही.

काका : नको आणूस. केपच्या मसाल्यात शिसं असतं, ते काजळीत उतरतं. हातमोजे घाल आणि ते पाणी परसात भाजीच्या आळ्यात ओतू नको. (डूल उलटा करून) हा शिक्का वाचलास? के. एफ. म्हणजे खडकी. पुण्याजवळची दारूगोळ्याची फॅक्टरी, १८६९ सालची.

पुतणी : तो शिक्का मी मुद्दाम राखते. पॉलिश करताना त्यावर कपडा जोरात फिरवत नाही. घेणाऱ्या बाया आधी तेच बोटाने चाचपून बघतात.

काका : पितळ चांगलंच असतं, त्यात मला शंका नाही. रायफलीच्या पुंगळीत सत्तर भाग तांबं आणि तीस भाग जस्त. ते प्रमाण उगीच आलेलं नाही. ते पितळ ओढलं की लांबतं, फाटत नाही. अंबरनाथच्या फॅक्टरीत त्याचे कप होतात. मग ते ओढून ओढून पुंगळी करायची. जळगाव जिल्ह्यात वरणगावला १९६४ साली सुरू झालेली फॅक्टरी आहे, तिचं कामच रायफलीच्या गोळ्या बनवायचं. बार सुटताना पुंगळी क्षणभर फुगते आणि नळीला घट्ट बसते, जाळ मागे येऊ देत नाही. लगेच आक्रसते, म्हणून तर ओढून बाहेर काढता येते. शिपायाचा गाल आणि डोळा त्या एवढ्याशा फुगण्याच्या भरवशावर असतो.

पुतणी : बघा, तुम्हालाच त्याचं किती कौतुक! मला हेच हवं असतं. नळाच्या तोटीचं पितळ भंगारात हवं तेवढं मिळतं, पण त्यात शिसं असतं, ठोकायला घेतलं की तडकतं. हे कसं लोण्यासारखं वळतं.

काका : धातूबद्दल माझी तक्रारच नाही. मला एवढंच सांग, तू केपवर रवा झाळलास म्हणजे ज्योत थेट केपवर धरलीस. ती केप उडालेली आहे हे तुला कसं कळलं?

पुतणी : मधे खळगा आहे ना. पिन बसल्याची खूण.

काका : पिन बसल्याची खूण आहे. केप उडाल्याची नाही.

इथे पुतणीने हातातली कानस खाली ठेवली. मी सुद्धा हे पहिल्यांदाच ऐकत होतो.

काका : नीट ऐक. पिन बसली आणि केप उडालीच नाही, असं होतं. मिसफायर. पावसाळ्यात ओल लागलेल्या काडतुसाचं तर हमखास होतं. मग बंदूकवाला काय करतो? काडतूस फुकट जायला नको म्हणून टरफल चाकूने फोडतो, छर्रे काढून घेतो, दारू ओतून देतो आणि रिकामं बूड फेकून देतो. ते तुझ्या पोत्यात आलं तर? वर खळगा आहे, आत दारू नाही, दिसायला अगदी उडवलेल्या पुंगळीसारखं. आणि केप जिवंत. केपमध्ये मसाला चिमूटभरसुद्धा नसतो, पण तो ठोक्याने पेटावा म्हणूनच भरलेला असतो, आणि तापला तरी पेटतो. आणि तू झाळ लावताना वाकून डोळा किती जवळ नेतेस ते मी बघितलंय.

पुतणी : मग ओळखायचं कसं?

काका : तू ओळखायच्या भानगडीत पडायचंच नाही. ज्याने स्वतःच्या हाताने बार काढला त्याच्याच हातून, त्याच दिवशीच्या पुंगळ्या घ्यायच्या. पोत्यातल्या, भंगारातल्या, कुणीतरी दिलेल्या, अशा एकीलाही कानस लावायची नाही. आणि न उडालेलं काडतूस दिसलं तर ते उघडणं हे आपल्या कुणाचं कामच नाही. माझंही नाही, आता मी नोकरीत नाही.

दागिन्याची फोटोंतली बाजू सगळ्यांना माहीत असते. ही ओट्यावरची बाजू कुणी दाखवत नाही. निकामी केलेल्या काडतुसाचा दागिना असं आपण सहज म्हणतो, पण निकामी कुणी केलं, कुठे केलं आणि ते खरंच झालं का, हे तीन प्रश्न त्या म्हणण्यात गिळले जातात. या जागी वादाला दुसरी बाजू नाही. काका बरोबर आहेत आणि पुतणीने ते तिथेच मान्य केलं. केपवर झाळ मारायचं तिने त्या दिवसापासून सोडलं.

पुतणी : भंगारवाल्याकडच्या रायफलीच्या पुंगळ्यांचं मी तुम्हाला मागे बोलले होते. तो म्हणतो, किलोच्या भावाने देतो. त्या साबूत आहेत, लांब आहेत, त्यांचे झुमके फार सुंदर होतील.

काका : साबूत आहेत ना, म्हणूनच नकोत. सैन्यात पुंगळीला खोका म्हणतात. फायरिंग संपलं की चांदमारीच्या मैदानात वाकून खोके वेचायचे. जितक्या गोळ्या मिळाल्या तितके खोके मोजून परत. एक कमी पडला तर संध्याकाळपर्यंत गवत चाळत बसायचं, मी बसलोय. सरकारी भंगार लिलावात निघतं तेव्हा चेपून, चिरडून निघतं, पुन्हा कुणी भरू नये म्हणून. मग भंगारवाल्याकडे साबूत खोका आला कुठून? एक तर कुणीतरी ढापलेला, नाहीतर मैदानातल्या मातीतून कुणीतरी उकरून आणलेला. ढापलेला असेल तर तू चोरीचा माल घेतलास. उकरलेला असेल तर ते त्याहून वाईट.

पुतणी : त्याहून वाईट कसं?

काका : पुलगावला मुदत संपलेला दारूगोळा मैदानात नेऊन खड्ड्यात उडवतात. उडाल्यावर मातीत पितळ, तांबं, लोखंड उरतं. आजूबाजूच्या गावांतली माणसं ते वेचायला जातात, कारण शेतमजुरीपेक्षा त्यात चार पैसे जास्त सुटतात. २० नोव्हेंबर २०१८ ला सकाळी सोनेगावजवळच्या मैदानावर नष्ट करायला आणलेला माल उतरवतानाच स्फोट झाला. सहा माणसं गेली, त्यांत जवळच्या गावांतले रोजंदारीवरचे मजूर होते. त्याच्या आधी ३१ मे २०१६ ला मध्यरात्रीनंतर कोठारालाच आग लागली होती. त्यात दोन अधिकारी आणि आग विझवायला धावलेली आमची माणसं गेली. ती तर नोकरीवर होती, शपथ घेतलेली होती. पण २०१८ मधल्या मजुराने कसली शपथ घेतली होती, बाय?

पुतणी : म्हणजे माझ्या झुमक्यासाठी ते गेले असं तुम्ही म्हणताय?

काका : तुझ्यासाठी नाही. पण पितळेला भाव आहे म्हणून मातीत हात जातो. साबूत पुंगळीला दागिनेवालीने दुप्पट भाव दिला तर दुप्पट हात जातील. सैन्य सोड, साध्या भंगाराचं बघ. २००४ च्या सप्टेंबरात गाझियाबादजवळ साहिबाबादला पोलादाच्या कारखान्यात परदेशातून आलेल्या भंगारात जिवंत तोफगोळे निघाले. दहा कामगार मेले. त्यानंतर सरकारने बाहेरून येणारं भंगार तपासूनच आणायचा नियम कडक केला. ते भंगार लढाई झालेल्या मुलखातून आलं होतं. भट्टीवरच्या कामगाराला ती लढाई कुठली हेसुद्धा ठाऊक नव्हतं.

पुतणी : पण काका, लढाई संपल्यावर त्या मुलखातल्या माणसांनी काय करायचं? लाओसचं बघा ना. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने तिथे वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. शेतात, जंगलात, सगळीकडे धातू. तिथे बान नाफिया नावाचं गाव आहे. तिथले लोक चुलीसारख्या भट्टीवर ते अ‍ॅल्युमिनियम वितळवून लाकडाच्या साच्यात चमचे ओततात. आता बांगड्याही ओततात, पर्यटक घेतात. भात पिकलं नाही त्या वर्षी तेच त्यांचं पोट. इथिओपियात अदिस अबाबाजवळच्या एन्टोटो डोंगरावर एचआयव्ही झालेल्या बाया शेतकऱ्यांनी नांगरताना सापडलेल्या पुंगळ्या वितळवून मणी करतात. घरच्यांनी टाकलेल्या बाया आहेत त्या. त्यांच्या हाताला काम मिळालं. त्यांनाही सांगणार का, पितळेला हात लावू नका म्हणून?

काका : लाओसात बॉम्ब टाकले, त्यातले छोटे चेंडूएवढे गोळे किती होते ठाऊक आहे? सुमारे सत्तावीस कोटी. त्यातले आठ कोटींच्या आसपास न फुटता पडून राहिले. पोरं ते खेळायला उचलतात, मोठी माणसं भंगार म्हणून उचलतात. चमचा चांगला आहे. चमच्यापर्यंत पोचायच्या वाटेवर ज्यांचे हात गेले त्यांचा फोटो चमच्याबरोबर कुणी देत नाही.

पुतणी : म्हणून चमचा करणाऱ्याचा दोष?

काका : नाही. विकत घेणाऱ्याने विचारलं पाहिजे, एवढंच.

मला वाटतं, या सगळ्या वादात सर्वांत वजनदार वाक्य हेच होतं. लाओसच्या बाईने आपल्या शेतातला बॉम्ब निवडला नव्हता. तो तिच्यावर येऊन पडला. त्या धातूतून ती पोट भरते, तेव्हा तिला नीतीचे धडे द्यायचा आपल्याला काही अधिकार नाही. पण पुण्या-मुंबईत किंवा चिपळुणात बसून आपण हौस म्हणून पुंगळी मागतो, तेव्हा ती आणणारा हात कुठल्या मातीत गेला होता हे विचारायची जबाबदारी आपली. पुतणीने त्या दिवशी भंगारवाल्याला नाही म्हणून कळवलं. मात्र तिचा दुसरा मुद्दा काकांना तितका सहज उडवता आला नाही.

पुतणी : तुमच्या मेसमध्ये तोफेच्या पुंगळीच्या फुलदाण्या होत्या, तुम्हीच सांगितलंय. रोज ब्रासोने घासायला लावायचे म्हणालात. तिथे पुंगळी चालते आणि माझ्या कानात चालत नाही?

काका : (थोडं थांबून) ती वेगळी गोष्ट आहे.

पुतणी : वेगळी कशी ते सांगा. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या शिपायांनी, कैद्यांनी असल्या पुंगळ्यांच्या फुलदाण्या, पत्र फोडायचे चाकू, अंगठ्या केल्या. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये त्या आजही ठेवल्यात. युद्ध संपल्यावर खंदकांच्या आसपासच्या गावांतल्या लोकांनी असल्या वस्तू बनवून विकल्यासुद्धा. मोझांबिकमध्ये १९९२ ला यादवी संपली. तीन वर्षांनी चर्चच्या लोकांनी गावोगाव सांगितलं, हत्यार आणून द्या आणि बदल्यात शिलाई मशीन घ्या, सायकल घ्या, शेतीची अवजारं घ्या. त्या कापलेल्या बंदुकांची खुर्ची तिथल्या एका कलाकाराने केली, ती ब्रिटिश म्युझियमने घेतली. बंदूक ओळखू येते म्हणूनच लोक त्या खुर्चीपुढे थांबतात. सगळं वितळवून गुळगुळीत केलं असतं तर ती एक लोखंडी खुर्ची झाली असती.

काका : मेसमधली फुलदाणी ज्या पलटणीने तो गोळा डागला तिची आहे. खाली तारीख असते, जागा असते. ती ज्यांनी सोसलं त्यांची आठवण आहे. कूतच्या वेढ्यात एप्रिल १९१६ मध्ये जी पुणे डिव्हिजन शरण गेली, तिच्यात मराठा पलटणी होत्या. आपल्या कोकणातली किती घरं त्यात होती! त्यातल्या एखाद्याने पुंगळीची अंगठी करून आणली असेल तर मी तिला हात जोडीन. पण ती त्याची. दुकानात टांगायची नाही. आम्ही खंडेनवमीला हत्यार पुसतो, हळदकुंकू वाहतो, नारळ फोडतो. पण त्याला दागिना करून गळ्यात घालून मिरवत नाही. ज्याने ते चालवलंय त्याला मिरवावंसं वाटत नाही.

पुतणी : वाघनख सोन्यात मढवून पोरांच्या गळ्यात घालायचेच ना पूर्वी?

काका : घालायचे. आणि त्या हौसेपायी किती वाघ गेले? १९७२ ला कायदा आला तेव्हा ते थांबलं. तू माझ्याच बाजूचा दाखला दिलास.

पुतणी : बरं, तो दाखला मागे घेते. पण गोवळकोटचा देते. धक्क्यावर जुन्या तोफा उभ्या पुरल्या होत्या आणि होड्यांचे दोर त्यांना बांधायचे. कुणी म्हटलं नाही की तोफेचा अपमान झाला. तोफ कामाला लागली. वाशिष्ठीत होडी वाहून गेली नाही. माझं म्हणणं एवढंच आहे. आणि काका, माझ्या पुंगळ्या कुठल्या लढाईतल्या आहेत? वरच्या वाडीतले आजोबा भात पोटरीला आलं की रात्री मचाणावर बसतात. डुकरं आली की बार काढतात, बहुतेक वेळा हवेतच, ती पळावीत म्हणून. सकाळी पुंगळ्या मला आणून देतात. त्या पितळेने कुणाचा जीव घेतला नाही. त्या आजोबांच्या सुनेने त्याच पुंगळीचे डूल घातले आणि ती म्हणाली, आमच्या भाताचे डूल. यात मिरवणं कुठे आलं?

काका गप्प राहिले. मीही तिच्याच बाजूचा झालो. लढाईचा धातू आणि राखणीचा धातू यांत फरक आहे, आणि तो फरक पुतणीला आधीपासून ठाऊक होता. शहरातल्या नकली बंदूकप्रेमाशी तिचं काम जोडणं अन्यायाचं होतं. पण काकांचा मुद्दा संपला नव्हता. तो डुलांबद्दल नव्हता, एका मागणीबद्दल होता.

काका : मग परवा तो पोरगा आला होता, त्याला काय देणार आहेस?

हा पोरगा गावातलाच. त्याला रायफलीच्या काडतुसाचं अख्खं लॉकेट हवं होतं. पुंगळी खाली, वर टोकदार गोळी, काळ्या दोऱ्यात. आकाराने, रंगाने अगदी जिवंत काडतूस वाटावं असं. फोटोत ते लांबून दिसलं पाहिजे, ही त्याची अट. पैसेही तो चांगले देणार होता.

पुतणी : मी अजून हो म्हटलेलं नाही.

काका : पुंगळी म्हणजे बार होऊन गेल्यावर उरलेलं टरफल. तिची तू फुलदाणी कर, डूल कर, मी आता काही बोलणार नाही. पण गोळी वर बसवलीस की ते टरफल राहत नाही. ते बघणाऱ्याला धमकी असते. हल्ली गावठी कट्टा हातात घेऊन व्हिडिओ टाकणारी पोरं पोलीस उचलतात, रोज पेपरात येतं. त्यांना कट्टा कुठून मिळतो ते मला माहीत नाही, पण हौस कुठून लागते ते दिसतंय. ती आपल्या पडवीतून लागू नये.

पुतणी : माझ्या एका लॉकेटने कुणी गुंड होत नाही, काका.

काका : होत नाही. पण गुंड व्हायचं असलेल्याला तू कपडे शिवून देतेस. आणि कायद्याचंही सांगतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भागसुद्धा धरलेत. पुढे कलम ४५ मध्ये सूट आहे. जो किरकोळ भाग दुसऱ्या भागांबरोबर जोडून वापरायचाच नाही, त्याला कायदा लागू नाही.

पुतणी : मग माझे डूल सुटले.

काका : डूल सुटले. तो पोरगा लॉकेट घालून विमानतळावर गेला तर तपासणीच्या यंत्रात काय दिसणार? काडतूस. खरं की खोटं ते तिथला माणूस ठरवत नाही, तो आधी बाजूला घेतो. बॅगेत चुकून राहिलेल्या एकेका काडतुसावरून लोकांवर गुन्हे दाखल झालेत. पुढे हायकोर्टाने कित्येक प्रकरणं रद्द केली, कारण काडतूस जाणूनबुजून बाळगलं होतं असं दिसलं नाही. पण हायकोर्टापर्यंत जायचा खर्च आणि वर्षं कोण भरून देणार? नोकरीसाठी आखातात निघालेला पोर असला तर त्याचा व्हिसा गेला.

हा शेवटचा मुद्दा खेड-चिपळूणच्या घरांना लागलीच कळेल. इथल्या किती कुटुंबांची चूल आखातातल्या पगारावर पेटते!

पुतणीने त्या पोराला लॉकेट करून दिलं नाही. त्याऐवजी भाताच्या लोंबीच्या आकाराचं पदक सुचवलं, ते त्याने घेतलं नाही. गिऱ्हाईक गेलं. काकांनी त्याबद्दल तिचं तोंडभरून कौतुक केलं असंही नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला एक काम दिलं. जुन्या पद्धतीच्या ओताऱ्यांचे नियम तिच्याकडून वहीत उतरवून घेतले. तोंड बंद असलेली नळी मुशीत टाकायची नाही, आतली हवा तापून धातू उसळतो. पितळ वितळताना पांढरा धूर उठतो तो जस्ताचा, तो छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो, म्हणून भट्टी उघड्यावर आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं राहायचं. हे तिला ठाऊक होतंच, पण शिकाऊ मुली हाताखाली आल्या तर त्यांना लिहिलेलं हवं, असं काकांचं म्हणणं. त्याखाली त्यांनी आपल्या अक्षरात केपचा नियम जोडला.

माझं मत मी वाचकांपासून लपवत नाही. पुंगळीचा दागिना व्हायला हरकत नाही. ती कुठून आली हे घडवणाऱ्याला ठाऊक असावं आणि घेणाऱ्याने विचारावं. उत्तर नसेल तर तो दागिना घेऊ नये, कितीही देखणा असला तरी. गोळीसकट अख्ख्या काडतुसाचं लॉकेट मात्र करूही नये आणि घालूही नये. पुतणीला यातलं शेवटचं अजून पूर्ण पटलेलं नाही. आकार राखल्याशिवाय आठवण राहत नाही, हे तिचं म्हणणं ती सोडायला तयार नाही, आणि मोझांबिकच्या खुर्चीला काकांकडे अजून उत्तर नाही. वाद चालू आहे, आणि तो चालू राहावा असंच मला वाटतं.

एक विनंती मात्र वादाबाहेरची आहे. गणपतीला, शिमग्याला मुंबईहून आलेली माणसं वर्षभर बंद असलेली घरं उघडतात. माळ्यावर, जुन्या ट्रंकेत, देवघरामागच्या फडताळात आजोबांच्या वेळची काडतुसं निघतात, कधी केपांची डबी निघते. ती उघडू नका, घासू नका, उन्हात वाळवू नका, भंगारात देऊ नका, आणि दागिना करून घ्यायला तर कुणाकडेच नेऊ नका. आहे तिथेच राहू द्या, पोरांना त्या खोलीत जाऊ देऊ नका, आणि जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा ११२ वर कळवा. ती उचलून नेणं त्यांचं काम आहे.